बाटलीतलं तेल, पापणीतलं तेल

"अगं, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतंय, पदर ओला होतोय, आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडलेत! डोळे माझेच तपासले ना त्यांनी?"

आत्याचा फोन होता, चिपळूणहून. वय एकाहत्तर, आवाज खणखणीत. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, पण तिचा खरा प्रश्न दुसराच होता. न्यू जर्सीच्या आतेभावाने कुणाबरोबर तरी माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांची भलीमोठी बरणी पाठवली होती. डोळ्यांसाठी फार चांगल्या, असं त्याने बजावलं होतं. "घेऊ का नको, ते सांग. तू दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतेस, तुझेही डोळे असेच ना?"

माझेही असेच. मी मुद्रितशोधन करते. दुपारी चारनंतर डोळ्यांत कुणीतरी बारीक रेती टाकल्यासारखं होतं आणि ऱ्हस्व-दीर्घ दिसेनासे होतात. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच एक बाटली विकत आणली होती. त्या निमित्ताने जे वाचलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते आत्याला फोनवर सांगायला पाऊण तास लागला. तेच इथे जरा नीट लिहिते.

पाणी येतं आणि तरी डोळे कोरडे, हे कोडं आधी सोडवू. ते सुटलं की कोणतं खाणं कुठे उपयोगी पडेल, हे आपोआप कळतं.

डोळ्यावर अश्रूंचा एक पडदा कायम पसरलेला असतो, केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढा पातळ. तळाला चिकट थर असतो, तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. मध्ये पाणी. आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग. मिसळीच्या कटावर तर्री असली की तो लवकर निवत नाही, वाफ आत राहते. डोळ्यावरच्या तेलाचं कामही तेच, खालचं पाणी उडून जाऊ द्यायचं नाही. हे तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींतून. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. प्रत्येक वेळी पापणी मिटली की या ग्रंथी किंचित दाबल्या जातात आणि तेलाचा थेंब बाहेर येतो.

आता तेल कमी पडलं, किंवा ग्रंथीतच घट्ट झालं, की पाणी भराभर उडतं. उरलेलं पाणी खारट होतं, डोळ्याचा पृष्ठभाग चिडतो, सूज येते. बुबुळावरच्या नसा मेंदूला कळवतात, आग लागली. मग अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा टँकर सोडते. ते पाणी नुसतंच असतं, त्यात ना पुरेसं तेल, ना चिकटपणा. डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळून पदराला लागतं. आत्याचा डोळा रडतो तो कोरडा आहे म्हणूनच.

कोरडेपणाचे ढोबळ दोन प्रकार. एकात पाणीच कमी तयार होतं, दुसऱ्यात तेल बिघडल्यामुळे पाणी टिकत नाही. दुसरा प्रकार कितीतरी जास्त आढळतो आणि पुष्कळांना दोन्ही थोडं थोडं असतं. डॉक्टर हे कसं ओळखतात, तेही बघण्यासारखं आहे. खालच्या पापणीत कागदाची एक चिमुकली पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. ही शिर्मर चाचणी, १९०३ पासूनची. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात आणि पापणी न मिटता अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर गडबड. माझा चार सेकंदांत फाटला. पट्टी मात्र छान भिजली होती. म्हणजे पाणी मुबलक, तेल बिघडलेलं.

"मग तेल बिघडलंय तर तेल खायचं, सोपं आहे की," असं आत्या म्हणाली. मीही हेच म्हणाले होते.

माशाच्या तेलात ओमेगा-३ नावाची मेदाम्लं असतात. त्यातली दोन महत्त्वाची, ईपीए आणि डीएचए. सूज कमी करण्यात त्यांचा हात असतो, आणि खाण्यातल्या मेदाचा परिणाम ग्रंथींतल्या तेलावर होत असावा असा तर्क. तर्क अगदीच हवेतला नव्हता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली, तेव्हा ज्यांच्या आहारात ओमेगा-३ जास्त, विशेषतः ज्या ट्यूना मासा वरचेवर खातात, त्यांच्यात कोरड्या डोळ्यांची तक्रार कमी दिसली. पण मासे जास्त खाणारी बाई इतरही चार गोष्टी वेगळ्या करत असते. फायदा माशाचा की बाकीच्या राहणीचा, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

ते ठरवायला अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेने पैसे घालून एक मोठी चाचणी करवली, तिचं नाव ड्रीम. निकाल २०१८ मध्ये छापून आला. मध्यम ते तीव्र त्रास असलेले ५३५ रुग्ण घेतले. काहींना रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३, म्हणजे २००० ईपीए आणि १००० डीएचए. बाकीच्यांना दिसायला तशाच कॅप्सूल, पण आत ऑलिव्ह तेल. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. वर्षभर हे चाललं.

वर्षाअखेरीस ओमेगा-३ घेणाऱ्यांचा त्रास शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी १३.९ गुणांनी कमी झाला. वा! पण ऑलिव्ह तेलवाल्यांचा १२.५ ने कमी झाला. ज्यांना ठसठशीत फरक पडला असं म्हणता येईल ते ओमेगा-३ च्या गटात १००पैकी ६१, ऑलिव्ह तेलाच्या गटात ५४. ही तफावत इतकी लहान की ती योगायोगानेही पडू शकते. पुढे काही रुग्णांना आणखी वर्षभर ओमेगा-३ चालू ठेवलं आणि काहींचं बंद केलं. बंद केलेल्यांचं काही बिघडलं नाही.

मला या आकड्यांत सगळ्यात बोलका वाटतो तो १२.५. औषध नसलेली कॅप्सूल घेऊन निम्म्याहून अधिक लोकांना बरं वाटलं! याला नुसतं मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही. माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर. तिथून तो बहुतेक वेळा थोडा उतरतोच. चाचणीत असताना लोक थेंब वेळेवर घालतात, पंखा बाजूला करतात, डोळ्यांकडे लक्ष देतात. म्हणूनच "आमच्या वहिनींना या गोळीने हमखास फरक पडला" हे वाक्य वहिनींपुरतं शंभर टक्के खरं असतं आणि तरीही गोळीबद्दल काहीच सांगत नाही.

काहींचा आक्षेप असा की ऑलिव्ह तेलच गुणकारी असेल, म्हणून दोन्ही गट सुधारले. असेलही, पण ते होतं रोज जेमतेम चमचाभर. शिवाय २०२२ मध्ये आणखी एक निकाल आला. २३ हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षांवर रोज एक ग्रॅम माशाचं तेल किंवा खोटी कॅप्सूल दिली होती. कोरडे डोळे टळतात का, हा प्रश्न. टळले नाहीत. उलट बाजूला, ओमेगा-३ ने फरक पडला असं सांगणाऱ्या लहान लहान चाचण्या बऱ्याच आहेत, त्यातल्या काही भारतातल्याच. त्यामुळे काही डॉक्टर आजही तीन महिने घेऊन बघा म्हणतात. त्यात मोठं वाकडं काही नाही. पण मी स्वतः मोठ्या आणि काटेकोर चाचणीच्या बाजूने झुकते, आणि माझी बाटली संपल्यावर मी दुसरी आणली नाही.

बाटलीवरून आठवलं. माझ्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फिश ऑइल १००० मिग्रॅ. मागे बारीक टायपात, माझ्या डोळ्यांना चारनंतर न दिसणाऱ्या टायपात, लिहिलं होतं ईपीए १८० मिग्रॅ, डीएचए १२० मिग्रॅ. म्हणजे हजार मिलिग्रॅम तेलात कामाचं ओमेगा-३ फक्त तीनशे. ड्रीम चाचणीइतकी मात्रा गाठायची तर रोज दहा कॅप्सूल गिळायला हव्यात. पोट भरेल! आत्याला मी बरणीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला. तिच्याही बरणीवर तेच आकडे होते.

जास्त मात्रेत माशाचं तेल अगदी निरुपद्रवीही नसतं. मासळीचे ढेकर येतात, हा त्यातला किरकोळ भाग. मोठ्या मात्रेने काहींच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

"अगं पण मी आठवड्यातून दोनदा बांगडा खाते की," आत्या मध्येच म्हणाली.

तेच तर! बांगडा आणि तारली ही आपल्या किनाऱ्यावरची तेलकट मासळी, ईपीए आणि डीएचए दोन्ही असलेली. वर प्रथिनं, बी-१२, थोडं डी. मासे लहान असल्याने मोठ्या माशांइतका पारा त्यांच्यात साठत नाही. आणि पापलेटाच्या मानाने स्वस्त. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी जेवणारीला त्यातल्याच तेलाचे थेंब जिलेटिनमध्ये भरून अमेरिकेहून मागवायची काय गरज? माशात ओमेगा-३ असतं म्हणून कोरडे डोळे बरे होतात असं मी म्हणणार नाही, वरच्या चाचण्या वाचून म्हणवतच नाही. पण हृदयाला, स्नायूंना, जिभेला फायदा आहेच. डोळ्यांना झाला तर तो वरकड.

शाकाहारी घरात याची जागा जवस घेतं. वऱ्हाडात, मराठवाड्यात जवसाची चटणी काही आहारतज्ज्ञांनी शोधून काढलेली नाही, ती भाकरीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोठा चमचाभर कुटलेल्या जवसात साधारण दीड ग्रॅम ओमेगा-३ असतं. फक्त ते एएलए नावाचं, वनस्पतींतलं. शरीर त्याचं ईपीए करतं, पण कंजूषपणे, फार थोडा हिस्सा. डीएचए तर त्याहूनही कमी. त्यामुळे चमचाभर जवस म्हणजे वाटीभर मासे असा हिशेब करू नये. अक्रोडाचंही हेच. शाकाहाऱ्यांसाठी शेवाळातून काढलेलं डीएचए मिळतं, महाग असतं.

जवस खायचं तर कुटून. अख्खा दाणा गुळगुळीत, कडक. नीट चावला नाही तर जसा गेला तसा बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, गार झाल्यावर लसूण, लाल तिखट, मीठ, हवं तर थोडं सुकं खोबरं घालून कुटायचं. आठवडाभराचंच करायचं, कारण जवसाच्या कुटाला लवकर खवट वास येतो. तो वास म्हणजे ज्या तेलासाठी आपण ते खातो तेच खराब झालं असं समजायचं. हा वास लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

जिथे अन्न खरोखरच औषध ठरलं

ओमेगा-३ ची ही अशी हो-नाही कहाणी. अ जीवनसत्त्वाची तशी नाही. तिथे संशयाला जागाच नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये लहान मुलांचे डोळे कोरडे पडून, बुबुळाला फूल पडून आंधळेपण येऊ लागलं. दुधा-लोण्याचा देश, आणि तिथे हे! कार्ल ब्लॉक नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी माग काढला. लोणी चांगल्या भावाने परदेशी जात होतं आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला येत होतं साय काढलेलं दूध आणि वनस्पतीज मार्गारीन, म्हणजे नकली लोणी. ब्लॉक यांनी मुलांना कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि अख्खं दूध द्यायला सुरुवात केली, डोळे सुधारू लागले. मग १९१७ च्या अखेरीस नाकेबंदीमुळे लोण्याची निर्यात थांबली, ते देशातच शिधापत्रिकेवर वाटलं जाऊ लागलं, आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. साय काढताना दुधातून काय निघून जात होतं, ते अमेरिकेत १९१३ मध्येच सापडलं होतं. तेच पुढे अ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं.

डोळ्याच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करणाऱ्या पेशींना हे जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर पेशी नीट वाढत नाहीत, ओला नाजूक पडदा कातडीसारखा खरखरीत होऊ लागतो. आधी रातांधळेपणा येतो. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसतो. वेळीच लक्ष दिलं नाही तर बुबुळ मऊ पडून फुटतं.

आपल्याकडे १९७० पासून सरकार यासाठी मुलांना डोस देतं. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट, मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात चमच्याने पाजतात तेच पिवळसर औषध. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनी लसीकरणाचं कार्ड काढून हे डोस झालेत का ते बघावं.

पण आत्याला किंवा मला याचा काय उपयोग? रोज चौरस जेवणाऱ्या मोठ्या माणसात या जीवनसत्त्वाची कमतरता सहसा नसते. जुनाट जुलाब, यकृताचा आजार, दारूचं व्यसन किंवा वजन कमी करण्यासाठी केलेली पोटाची शस्त्रक्रिया असेल तर असू शकते. अशा माणसाचे डोळे कोरडे पडले तर ते नक्की तपासायला हवं. बाकीच्यांनी किलोभर गाजरं खाल्ली तरी अश्रू वाढत नाहीत. माठ, शेवग्याचा पाला, अळू, तांबडा भोपळा, पपई, हापूस यांतून बीटा कॅरोटीन मिळतं आणि शरीर गरजेपुरतं त्याचं अ जीवनसत्त्व करून घेतं. ते तेलात विरघळणारं, म्हणून अळूच्या फदफद्याला सढळ फोडणी असली तर बिघडत नाही.

आणि अति झालं तर? इथे एक गंमत आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात, ती या जीवनसत्त्वाच्याच घराण्यातली. तिचा सर्वांना ठाऊक असलेला दुष्परिणाम म्हणजे ओठ फुटणं आणि डोळे कोरडे पडणं, कारण ती पापणीतल्या तेलग्रंथी आक्रसवते. ज्याच्या अभावाने डोळा कोरडा, त्याच्याच भावंडाच्या माऱ्यानेही डोळा कोरडा. गरोदर बाईने तर या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळायलाच हव्यात, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. कॉड लिव्हर ऑइल आणि साधं फिश ऑइल यांत हाच फरक आहे. पहिल्यात अ आणि डी जीवनसत्त्वं असतात, दुसऱ्यात सहसा नसतात. नावं सारखी वाटतात म्हणून दोन्ही एकत्र घेणारे लोक मी पाहिले आहेत.

माझं तर साधं म्हणणं असं झालंय: माठ रिकामा असेल तर भरा, भरलेल्या माठात ओतलेलं पाणी ओट्यावरच जातं. मग माठ रिकामा आहे का, हे बघायचं कसं? आपल्याकडे दोन माठ रिकामे असण्याची शक्यता खूप असते, बी-१२ आणि डी. दोन्ही रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात.

बी-१२ फक्त प्राणिजन्य अन्नात मिळतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण. शाकाहारी माणसाने चहापुरतंच दूध घेतलं तर ते कमी पडतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी घेणाऱ्यांत आणखी कमी पडतं. बी-१२ लागतं नसांना, आणि बुबुळाइतक्या दाट नसा शरीरात क्वचितच कुठे असतील. काही लोकांच्या डोळ्यांत दिसायला फारसा कोरडेपणा नसतो, पट्टी भिजते, पडदाही टिकतो, पण आग मात्र भयंकर, आणि थेंब घालून काही होत नाही. अशांच्यात नसांचीच तक्रार असू शकते आणि तिथे बी-१२ तपासणं शहाणपणाचं.

डी जीवनसत्त्व कमी असलेल्या लोकांत कोरडे डोळे जास्त आढळतात, आणि कमतरता भरून काढल्यावर काहींना बरं वाटलं असं लहान अभ्यास सांगतात. सांगण्यासारखं त्याहून महत्त्वाचं हे, की ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. ती गैरसमजाने रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर बेततं. केमिस्टकडे ती चिठ्ठीशिवाय सहज मिळते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता "डोळ्यांसाठी खास" अशा डब्या. यांत बहुतेक ल्यूटीन, झिॲझँथिन, जस्त, सी आणि ई जीवनसत्त्व असतं. हे मिश्रण कुठून आलं? अमेरिकेतल्या एरेड्स नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांतून, निकाल २००१ आणि २०१३ चे. पण त्या होत्या उतारवयात डोळ्याच्या मागच्या पडद्याची झीज होते त्या रोगासाठी. कोरडेपणा डोळ्याच्या पुढच्या बाजूचा. छताला गळती लागली म्हणून फरशी बदलण्यासारखं आहे हे. शिवाय पहिल्या चाचणीतल्या मिश्रणात बीटा कॅरोटीन होतं, आणि फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत १९९४ मध्ये दिसलं होतं की बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, वाढतो. म्हणून पुढे ते काढून ल्यूटीन घातलं. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर डबीच्या मागे बीटा कॅरोटीन आहे का ते वाचा. गाजरातलं चालतं, गोळीतलं नको.

डबी उलटीपालटी करताना आणखी एक ओळ दिसेल, "औषधी वापरासाठी नाही", बहुतेक वेळा इंग्रजीत. भारतात पूरक आहार हा कायद्याने अन्नात मोडतो, औषधात नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार ही ओळ छापावीच लागते. पुढच्या बाजूला डोळ्याचं चित्र, मागच्या बाजूला ही ओळ.

पाणी प्यावं, कोरडं राहू नये, एवढंच पाण्याबद्दल. तांब्यावर तांबे रिचवल्याने पापणीतलं तेल सुटत नाही. आणि गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल यांपैकी घरातलं काहीही डोळ्यात घालू नका. पोटात चालणारं सगळं डोळ्यात चालत नाही.

मग तेल सुटायचं कसं?

थंडीत खोबरेल थिजतं तेव्हा आपण बाटलीत आणखी खोबरेल ओतत नाही. ती गरम पाण्यात धरतो. पापणीतल्या ग्रंथींत तेल अगदी तसंच थिजून बसलेलं असतं. निरोगी तेल पातळ, पारदर्शक, बिघडलेलं टूथपेस्टसारखं. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचा, गार झाला की पुन्हा गरम करायचा, मग पापण्यांवरून कडेकडे बोटाने हलकेच दाब द्यायचा. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. रोज. कंटाळवाणं आहे, कबूल. पहिल्या आठवड्यात मला काहीच फरक वाटला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात चारची रेती सहावर गेली.

दुसरं, पापण्या मिटणं. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतो, स्क्रीनपुढे हा आकडा निम्म्याहून खाली येतो, आणि मिटतो तेही अर्धवट. पापणी पूर्ण मिटली नाही तर ग्रंथी दाबली जात नाही. मी आता प्रत्येक पान संपलं की डोळे मिटून दोन श्वास घेते. पंख्याचा झोत, एसीचा झोत, स्कूटरवरचा वारा यांचं वेगळं सांगायला नको.

तिसरं, इतर गोळ्या. आत्याला मी विचारलं, रोज काय काय घेतेस? रक्तदाबाची एक, आणि सर्दीची. "सर्दीची रोज?" "अगं, किती वर्षं झाली, रात्री घेतली की सकाळी शिंका येत नाहीत." ती होती सेट्रिझिन. ॲलर्जीवरच्या अशा गोळ्या नाक सुकवतात तसे डोळेही सुकवू शकतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे होतं. डॉक्टरांना सांगितलं होतंस का? नव्हतं सांगितलं, ते डोळ्यांचे डॉक्टर, त्यांना नाकाचं काय सांगायचं!

मग आणखी एक विचारलं. तोंड कोरडं पडतं का? भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? सांधे सकाळी आखडतात का? स्वीडनमधले नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये अशा १९ स्त्रियांचं वर्णन केलं होतं. डोळे कोरडे, तोंड कोरडं, आणि त्यांतल्या बहुतेकींना संधिवात. शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, असा हा आजार. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांत जास्त. तो कॅप्सूल खात बसून दाबून ठेवण्यासारखा नाही. आत्याचं तोंड ठीक होतं, ते माझ्या कानांना ठाऊक होतंच.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तिची सर्दीची गोळी बदलून नाकात मारायचा फवारा दिला, शेक सांगितला, थेंब तेच ठेवले. महिन्याभराने पदर कोरडा राहू लागला. रक्तात बी-१२ थोडं कमी निघालं, त्याचीही गोळी चालू झाली. यातल्या नेमक्या कशाने गुण आला ते मी सांगू शकत नाही, ड्रीमवाल्यांसारखी ऑलिव्ह तेलाची दुसरी आत्या माझ्याकडे नाही.

राहिली बरणी. ती इतके महिने स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर होती. माशाचं तेल उष्णतेने आणि हवेने खवट होतं, जवसाच्या कुटासारखंच, म्हणून ते गार, अंधाऱ्या जागी ठेवावं लागतं. मी तिला म्हटलं, एक कॅप्सूल सुईने टोच आणि वास घे. ताज्या तेलाला माशाचा मंद वास असतो. उग्र, कुजका, रंगाच्या डब्यासारखा आला तर टाकून दे.

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग लांबूनच आत्या ओरडली, "अगं बाई गं, आमची सुकटसुद्धा असा वास नाही मारत!"